पिकअप गाडीचा पुढील बंपर : निवड कशी करावी?

भाजीपाला, खते वा दुधाचे कॅन वाहणाऱ्या पिकअप गाडीचा पुढील बंपर मोडला, म्हणजे त्या जागी जड लोखंडी बंपर वा नळ्यांचा गार्ड बसविण्याकडे अनेकांचा कल असतो. जितके लोखंड जड तितकी गाडी सुरक्षित, हा समज मात्र बरोबर नाही.

टक्कर होताच दबून आघाताचा जोर जिरविणे हे बंपर व त्यामागील भागांचे कार्य होय. चॅसीला थेट जोडलेला ताठर गार्ड दबत नाही. आघात आतील माणसांपर्यंत पोहोचतो व पादचाऱ्यास अधिक गंभीर इजा होते. एअरबॅग असल्यास ती योग्य क्षणी न उघडण्याचाही धोका संभवतो. शिवाय पुढील आसाच्या पुढे टांगलेले वजन त्या आसावर स्वतःहून अधिक भार टाकते.

अशा अनधिकृत गार्डांवर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ च्या उल्लंघनाबद्दल कारवाई करावी, असे केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले.

तेव्हा नवा बंपर त्याच मॉडेलसाठी उत्पादकाने ठरविलेला, दिवे, नंबरप्लेट व रेडिएटरची हवा न अडविणारा असावा. वाकलेले ब्रॅकेट आधी बदलून घ्यावे. मोडलेला बंपर पुन्हा मिळतो. गेलेला जीव मिळत नाही, हे वाहनधारकांनी ध्यानी ठेवावे.