पक्षिगणना आणि शून्याची नोंद

शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, चंडीगढ येथे, १९५८ साली एका पावसाळी ओढ्यास बांध घालून सुखना तलाव निर्माण करण्यात आला. हिवाळ्यात उत्तरेकडील प्रदेशांतून आलेली बदके व इतर पाणपक्षी तेथे उतरतात. आशियाई पाणपक्षिगणनेस १९८७ साली प्रारंभ झाला. ती दरवर्षी जानेवारीत होते आणि तिचा भार मुख्यतः हौशी निरीक्षक वाहतात.

अशा गणनेत दोष कसा शिरतो? समजा, एका वर्षी दहा निरीक्षकांनी सकाळी तीन तास तलाव न्याहाळला. पुढील वर्षी दोघांनी दुपारी केवळ एक तास. आकडा घटला, तर पक्षी कमी झाले की पाहणारे डोळे? हे कळावयाचे, तर आकड्यासोबत वेळ, अवधी, निरीक्षकांची संख्या, मार्ग व हवामान यांचीही नोंद हवी.

शोधूनही न आढळलेल्या पक्ष्यापुढे शून्य लिहावे. रिकामी जागा काहीच सांगत नाही. शून्य मात्र ‘पाहिले, पण दिसला नाही’ असे स्पष्ट सांगते. ओळख पटली नाही, तर ‘बदक, जाती अनिश्चित’ एवढेच लिहावे. गणनेपूर्वी सर्वांनी एकच थवा स्वतंत्रपणे मोजून आकडे ताडून पाहावेत. म्हणजे प्रत्येकास आपली चूक कळते.

पक्षी खरोखर घटत असतील, तर ते वेळीच कळले पाहिजे. सदोष आकडे खोटी भीती उत्पन्न करतात, किंवा त्याहून घातक असा खोटा दिलासा देतात.