खोडरबर कोणत्या झाडाचा? – एक दुरुस्ती



उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघे मुलीकडे सिंगापूरला गेलो होतो. तिथल्या वनस्पती उद्यानात एक संपूर्ण दिवस घालवला. परत आल्यावर शिक्षकवृंदाने प्रवासवर्णन लिहिण्याचा आग्रह केला. पण मला प्रवासवर्णनापेक्षा एक दुरुस्ती लिहायची आहे. ज्या गोष्टीची दुरुस्ती करायची, ती मी याच शाळेच्या वर्गांत अनेक वर्षे शिकवत आले.

आपल्या शाळेच्या पोर्चमध्ये मोठ्या कुंडीत एक झाड आहे. जाड, चकचकीत, गडद हिरवी पाने. त्याला आपण सगळेच ‘रबर प्लांट’ म्हणतो. सातवीला विज्ञान शिकवताना मी मुलांना त्या कुंडीपाशी नेत असे, एक पान तोडून त्यातून येणारा पांढरा चीक दाखवत असे आणि सांगत असे, “तुमच्या कंपासपेटीतला खोडरबर आणि सायकलचा टायर याच झाडापासून होतो.” मुलांना गंमत वाटायची, मलाही समाधान वाटायचे.

आता उद्यानाकडे वळू. हे उद्यान सध्याच्या जागी १८५९ साली सुरू झाले. विस्तार सुमारे ८२ हेक्टर, म्हणजे दोनशे एकर. २०१५ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आत जायला तिकीट नाही. फक्त ऑर्किडच्या बागेला आहे. सकाळी सातला आम्ही आत शिरलो तेव्हा हिरवळीवर वयस्कर मंडळी संथपणे व्यायाम करीत होती. एका कुंपणात तेंबुसूचे जुने झाड होते, ज्याचे चित्र तिथल्या पाच डॉलरच्या नोटेवर आहे. नोटेवर झाड छापणारा देश पाहून आमच्या यांना फार कौतुक वाटले. उद्यानाच्या मधोमध सुमारे सहा हेक्टरांचा मूळ जंगलाचा तुकडा आहे. तो उद्यानापेक्षाही जुना. शहर वाढले तरी तो तोडलेला नाही.

असे हिंडता हिंडता एका उंच, सरळ, करड्या बुंध्याच्या झाडापाशी आलो. पाने तीन-तीनच्या गुच्छात. बेलाची आठवण झाली. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण इथेही लागू पडली असती. पाटीवर लिहिले होते : पारा रबर, हेविया ब्रासिलिएन्सिस. मी पाटी दोनदा वाचली. मुलगी शेजारी उभी होती. ती आपल्याच शाळेची विद्यार्थिनी, सातवीत माझ्याच वर्गात होती. ती म्हणाली, “आई, रबराचे झाड तर पोर्चमधले ना? तूच दाखवले होतेस.”

मला उत्तर देता आले नाही. मी वनस्पतिशास्त्र हिंदी माध्यमातून शिकले. ‘रबरक्षीर’ हा शब्द पाठ होता, ‘हेविया’ हे नावही परीक्षेत लिहिलेले होते. पण झाड कधी पाहिले नव्हते. या झाडाला उष्ण, दमट हवा आणि वर्षभर विखुरलेला भरपूर पाऊस लागतो. आपल्या माळव्यात चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे, त्यामुळे इथे ते दिसत नाही. पुस्तकातले नाव आणि कुंडीतले झाड यांची सांगड मी मनानेच घालून टाकली. तपासून पाहायचे राहून गेले.

तर मुलांनो, ही दोन वेगळी झाडे आहेत. नीट लक्षात घ्या.

पोर्चमधले झाड म्हणजे फायकस इलॅस्टिका. हे वड, पिंपळ, उंबर यांचे भावंड. पान एकेकटे आणि जाड; नवे पान तांबूस वेष्टनात गुंडाळलेले असते. हे झाड आपल्या ईशान्य भारतातले. एकेकाळी याच्या चिकापासूनही रबर काढत. १८७० च्या दशकात आसामात याची लागवड झाली होती. पण पारा रबरापुढे ते टिकले नाही. मात्र त्याला कमी लेखू नका. मेघालयातले खासी लोक याच झाडाची जिवंत मुळे ओढ्यावरून पलीकडे वळवून पूल तयार करतात.

खऱ्या व्यापारी रबराचे झाड म्हणजे हेविया. ते एरंडाच्या कुळातले, मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या जंगलातले. १७७० साली जोसेफ प्रिस्टली या शास्त्रज्ञाने नोंदवले की या पदार्थाने पेन्सिलीची खूण पुसता येते. इंग्रजीत ‘रब’ म्हणजे घासणे, त्यावरून ‘रबर’. (आजचे बरेच खोडरबर प्लास्टिकपासूनही होतात, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर पुन्हा दुरुस्ती लिहावी लागेल!)

१८७६ मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने ब्राझीलमधून सुमारे सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. या तेलकट बिया फार लवकर निकामी होतात. शंभरातल्या जेमतेम चार उगवल्या. बहुतेक रोपे श्रीलंकेला गेली. १८७७ मध्ये त्यांपैकी बावीस रोपे सिंगापूरला पोहोचली. त्यांतली काही या उद्यानात लावली, काही मलायातल्या क्वाला कांगसार इथे.

पुढे कित्येक वर्षे त्यांना कोणी विचारले नाही. मळेवाल्यांना कॉफी हवी होती. १८८८ मध्ये हेन्री रिडली उद्यानाचे प्रमुख झाले. त्यांना या झाडांचे वेडच लागले. भेटेल त्या मळेवाल्याच्या हातात ते रबराच्या बिया ठेवत. लोक त्यांना ‘वेडा रिडली’ म्हणू लागले. पुढे कॉफीवर रोग आला, भाव कोसळले. १८९६ मध्ये मलाक्क्यात तान चे यान या चिनी व्यापाऱ्याने रबराचा पहिला व्यापारी मळा लावला. नंतर मोटारगाड्या आल्या, टायर आले. १९२० पर्यंत जगातले जवळजवळ निम्मे रबर एकट्या मलायातून येऊ लागले. भारतात पहिली व्यापारी लागवड १९०२ मध्ये केरळात थट्टेकाड इथे झाली. रिडली शंभर वर्षे जगले. १९५६ मध्ये वारले.

रिडली यांचे खरे काम मात्र सालीवर होते. ॲमेझॉनमध्ये झाडावर कुऱ्हाडीचे घाव घालत, त्याने झाड खराब होई. चीक लाकडात नसतो, सालीतल्या बारीक नळ्यांत असतो. सालीच्या आत एक अतिशय पातळ थर असतो, एधा (कॅम्बियम). नवी साल तोच तयार करतो. रिडली यांनी प्रयोग करून दाखवले की त्या थराला धक्का न लावता तिरपा छेद द्यायचा, आणि पुढच्या वेळी नवा घाव न घालता त्याच छेदाची कड पातळ तासायची. असे केल्यावर चीक उलट वाढतो आणि झाड वर्षानुवर्षे देत राहते. छेद पहाटे देतात, कारण तेव्हा गारव्यात चीक चांगला वाहतो. जमा झालेल्या चिकात सौम्य आम्ल घातले की तो फाटलेल्या दुधासारखा गोठतो. मग त्याच्या पोळ्या लाटून वाळवतात.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. बिया ज्या देशातून गेल्या, त्या ब्राझीलचा रबराचा व्यापार मलायातले स्वस्त रबर बाजारात आल्यावर कोसळला. आणि मलायाच्या मळ्यांवर पहाटे अंधारात उठून साल तासणारे हात बहुतांशी दक्षिण भारतातून, विशेषतः तमिळ प्रदेशातून नेलेल्या मजुरांचे होते. सिंगापूर-मलेशियात आज जो तमिळ समाज दिसतो, त्यातल्या अनेकांचे पूर्वज असे आले. टायर पाहताना त्यांचीही आठवण ठेवावी.

मुलीने संध्याकाळी विचारले, “शाळेत सांगशील का हे?” मी तेव्हा हसून विषय टाळला. खरे सांगायचे तर संकोच वाटला. मुख्याध्यापिकेने चूक शिकवली, असे छापून कसे द्यायचे? पण नंतर वाटले, आपण मुलांना वहीतली चूक खोडून पुन्हा लिहायला सांगतो. ‘दुरुस्ती करा’ असा शेरा मी हजारो वह्यांवर मारला असेल. तो शेरा आज माझ्या स्वतःच्या वहीवर आहे.

ज्यांनी माझ्याकडून सातवीत हे ऐकले, त्यांतले काही जण आता पालक म्हणून शाळेत येतात. त्यांनी कृपया आपल्या मुलांना बरोबर माहिती द्यावी. कुंडीवर मी नवी पाटी लावली आहे, जरूर पाहावी.

विश्वस्त मंडळाला एक विनंती. त्या उद्यानात जवळजवळ प्रत्येक मोठ्या झाडाला नावाची पाटी आहे, म्हणून माझी चूक मला कळली. आपल्या आवारातल्या झाडांनाही अशा साध्या पत्र्याच्या पाट्या लावाव्यात : मराठी नाव, हिंदी नाव, शास्त्रीय नाव. मात्र पाटी रंगवण्याआधी नाव जाणकाराकडून तपासून घ्यावे. तोपर्यंत मी सांगते म्हणून कोणी मानू नये.

स्वाध्याय (इयत्ता सहावी ते आठवी)
१. पोर्चमधल्या झाडाचे एक पान आणि बेलाचे एक पान यांची चित्रे काढून फरक लिहा.
२. ज्यांतून पांढरा चीक येतो अशा परिसरातल्या तीन वनस्पतींची नावे घरच्या मोठ्यांना विचारून लिहा. रुईचा चीक डोळ्यांना फार घातक असतो. त्याला हात लावू नका.
३. साल खोलवर कापली तर झाडाचे काय नुकसान होते? कारण द्या.
४. आपल्याला शिकवलेली किंवा सांगितलेली एखादी गोष्ट स्वतः तपासून पाहा. ती बरोबर निघाली की चूक, ते चार ओळींत लिहून माझ्या टेबलावर आणून ठेवा. माझी चूक सापडली, तर आधी आणा.