थर्माकोल तरंगतो

आपला जालना जिल्हा मोसंबीचा. मोसंबी टिकवायला शीतगृह लागते. जमिनीची ऊब वर चढू नये, म्हणून तिथे थर्माकोलचे जाड तक्ते अंथरतात व वर काँक्रीट ओततात.

तक्ते ओझ्याने दबूनच राहतील, असे पुष्कळांस वाटते. आम्ही सांगतो, नेहमी तसे होत नाही. मीटरभर लांब, रुंद, उंच काँक्रीट भरते सुमारे २४०० किलो. तेवढाच थर्माकोल २० ते ३० किलो! ओला माल फटीतून खाली शिरला, की तक्ता वर उचलतो. पुरात ओंडका येतो ना, तसा. तिथे काँक्रीट पातळ पडते. पुढे तडकते.

म्हणून आधी बूड सपाट करा. तक्ते भिडवून सांधे चिकटपट्टीने बुजवा. वर प्लास्टिक अंथरा. माल प्रथम तक्त्यांच्या मधोमध टाका, कडा मागून भरा. घमेली वाहणाऱ्या बायांसाठी फळ्या टाका. टाचेखाली तक्ता फुटतो.