आवारातील वाहतूक : नियम आणि जबाबदारी



महाविद्यालयाचे फाटक ओलांडले, की रस्त्यावरील धोका मागे राहिला असे आपल्याला वाटते. हा समज खरा नाही. तास संपताच शेकडो विद्यार्थी आणि त्यांच्या दुचाकी एकाच अरुंद वाटेवर येतात. चालणारा गप्पांत रंगलेला असतो आणि चालवणाऱ्याला घरी पोहोचण्याची घाई असते. म्हणूनच आवारात वेगमर्यादा कमी ठेवतात.

या मर्यादेमागे विज्ञान आहे. वेग दुप्पट झाला, की वाहनाची गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी १५ किलोमीटर वेगाचे वाहन ब्रेक लावल्यावर जेवढ्या अंतरात थांबते, त्याच्या सुमारे चौपट अंतर ताशी ३० किलोमीटर वेगाच्या वाहनाला लागते. तेवढ्या अंतरात एखादा सहाध्यायी उभा असू शकतो.

वाहन उभे करण्याचे नियमही याच विचारातून आले आहेत. 'दोनच मिनिटांत येतो' असे म्हणून आपण प्रयोगशाळेच्या दारासमोर दुचाकी लावतो. परंतु आग लागली, तर अग्निशामक बंबाला तीच वाट हवी असते. दिव्यांगांसाठी राखून ठेवलेली जागा आपण अडवली, तर कुणाला तरी चाकाची खुर्ची लांबून ढकलत आणावी लागते. आपली सोय दुसऱ्याची अडचण होऊ नये, हे या नियमांचे सूत्र आहे.

घरापासून फाटकापर्यंतच्या रस्त्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ लागू असतो. गिअरच्या मोटारसायकलीसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. दुचाकीवर चालक आणि मागे बसणारा अशा दोघांनाही हेल्मेट आवश्यक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक जबाबदार धरला जातो. त्याला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

याच दुरुस्तीने अपघातग्रस्ताला सद्‌भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. म्हणून अपघात दिसल्यास बघ्यांच्या गर्दीत उभे राहू नका. ११२ क्रमांकावर कळवा.

पहारेकरी पाहत असताना पाळलेला नियम ही भीती होय. कुणी पाहत नसतानाही पाळलेला नियम हा संस्कार होय.

विचार करा : आपल्या अभ्यासकेंद्राच्या आवारातील कोणती वाट नेहमी मोकळी राहिली पाहिजे? कारणासह पाच वाक्यांत लिहा.