चार खेळ आणि जगभरचे प्रेक्षक

प्रश्न : ‘साबर बोंडं’ला सनडान्स महोत्सवात मोठं पारितोषिक मिळाल्याची बातमी वाचली. ‘कोर्ट’च्या वेळीही असंच वाचलं होतं. पण महोत्सवात एका चित्रपटाचे होऊन होऊन चार-पाच खेळ होत असतील, तेही परक्या मुलखात. एवढ्यानं नवख्या आशियाई दिग्दर्शकाचा चित्रपट जगभर पोहोचतो तरी कसा? की हे सगळं नुसतं मिरवण्यापुरतं असतं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : शंका रास्त आहे. चार खेळ आणि प्रत्येकाला पाचशे माणसं धरली, तरी बेरीज दोन हजारांवर जात नाही. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी चाललेल्या नाटकाला याहून जास्त गर्दी होते. पण त्या दोन हजारांत काही मोजकी माणसं अशी असतात, जी तिकीट काढून करमणुकीला आलेली नसतात. निरनिराळ्या देशांचे वितरक, चित्रपटांचे हक्क विकणारे प्रतिनिधी, समीक्षक आणि इतर महोत्सवांसाठी चित्रपट निवडणारी मंडळी. चित्रपटाचं पुढचं भवितव्य बरंचसं यांच्या हाती असतं.

आता या माणसांची अडचण पाहा. फ्रान्समधल्या वितरकाला मराठी कळत नाही, आपले नट त्याला ठाऊक नाहीत, दिग्दर्शकाचं नाव तर कुणालाच ठाऊक नसतं. असा चित्रपट तो कशाच्या भरवशावर विकत घेणार? हजारो अर्ज चाळून कुणा जाणत्यानं हा चित्रपट निवडला, एवढी एक गोष्ट त्याच्या हाती लागते, आणि त्याची जोखीम तेवढी कमी होते. मग हक्क विकणारा प्रतिनिधी चित्रपट आपल्याकडे घेतो आणि एकेका देशाचे हक्क वेगवेगळे विकतो: कुठे चित्रपटगृहाचे, कुठे टीव्हीचे, कुठे ओटीटीचे. आपलं कमिशन तो त्या विक्रीतून कापून घेतो. महोत्सव स्वतः चित्रपट विकत घेतो असा अनेकांचा समज असतो, पण तो ओळख करून देऊन बाजूला होतो.

‘कोर्ट’चा प्रवास पाहिला की हे नीट उलगडतं. चैतन्य ताम्हाणे यांच्या या पहिल्याच चित्रपटाला पटकथेच्या टप्प्यावर ह्यूबर्ट बाल्स फंडाचं साहाय्य मिळालं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम महोत्सवाचा हा निधी 1988 पासून आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या दिग्दर्शकांना मदत करतो. म्हणजे महोत्सवाची मदत चित्रपट तयार व्हायच्या आधीच सुरू झाली होती. बातमीत आपल्याला दिसतो तो फक्त शेवटचा समारंभ. 2014 मध्ये व्हेनिसच्या ‘ओरिझॉन्ती’ विभागात ‘कोर्ट’ सर्वोत्कृष्ट ठरला आणि पदार्पणाच्या चित्रपटाचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. त्यानंतर राष्ट्रीय पुरस्कार, एप्रिल 2015 मध्ये भारतात प्रदर्शन, अमेरिकेत वितरण आणि ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका. ‘कोर्ट’मधला एका कामगार शाहिरावरचा संथ चालणारा खटला कोणत्याही नेहमीच्या निर्मात्याच्या हिशेबात बसला नसता. ताम्हाणे यांचा पुढचा चित्रपट ‘द डिसायपल’ 2020 मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला, त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला आणि तो नेटफ्लिक्सवर आला. तिथं तो पाहणारे किती जण व्हेनिसला गेले असतील?

पुरस्काराच्या रकमेबद्दलही गैरसमज आहे. व्हेनिसच्या पदार्पण पुरस्काराबरोबर एक लाख डॉलर मिळतात आणि ते दिग्दर्शक व निर्माता यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात, पण हा अपवाद म्हणायचा. कानच्या ‘पाम दोर’ची कीर्ती एवढी मोठी, तरी तिच्यासोबत रोख रक्कम नसते. खरी कमाई पुढच्या चित्रपटाच्या वेळी होते, कारण तेव्हा निर्माते फोन उचलतात.

पूर्वी आशियाई दिग्दर्शकाला या ओळखीसाठी युरोपच गाठावं लागे. 1951 मध्ये कुरोसावांच्या ‘राशोमोन’ला व्हेनिसचा ‘सुवर्णसिंह’ मिळाला आणि जपानी चित्रपटांकडे पाश्चात्त्य वितरकांचं लक्ष गेलं. पुढे दक्षिण कोरियात 1996 मध्ये बुसान महोत्सव सुरू झाला. दोनच वर्षांनी त्याला जोडून न बनलेल्या चित्रपटांचा बाजार भरू लागला: दिग्दर्शक पटकथा घेऊन येतो आणि निर्माते शोधतो. 1998 मध्ये बुसानच्या नवोदितांसाठीच्या पुरस्कारानं गौरवलेले चीनचे जिया झांग-के आज जगातल्या मोठ्या दिग्दर्शकांत गणले जातात. आपल्याकडे एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळानं 2007 पासून गोव्यात ‘फिल्म बझार’ भरवायला सुरुवात केली तीही याच हेतूनं. ‘द लंचबॉक्स’ इथूनच पुढे गेला.

‘परदेशी लोकांना आपली गरिबी दाखवली की बक्षीस मिळतं,’ असं म्हणणारे तुम्हाला भेटतीलच. पण ‘साबर बोंडं’ ही गावातल्या सुतकाच्या दिवसांत दोन पुरुषांमध्ये फुलणाऱ्या नात्याची गोष्ट आहे. पायल कपाडियांचा कानला ग्राँ प्री मिळवणारा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ मुंबईतल्या परिचारिकांबद्दल आहे आणि त्यात छाया कदम यांनी केलेली पार्वती रत्नागिरीची आहे. यांत गरिबीचं प्रदर्शन शोधायला फार कष्ट पडतील. मात्र आरोपात अगदीच तथ्य नाही असंही नाही. निधी देणाऱ्यांना आवड-निवड असते आणि पटकथा लिहिणाऱ्याला ती जाणवतच असते.

आणखी एक सावधगिरी. पोस्टरवर गव्हाच्या ओंब्यांसारखी पानं आणि मध्ये महोत्सवाचं नाव दिसलं की लगेच भारावून जाऊ नका. प्रवेश शुल्क घेऊन जवळजवळ प्रत्येकाला बक्षीस देणारे महोत्सवही ढीगभर आहेत. तिथं वितरक फिरकत नाहीत, म्हणून त्या पानांचा उपयोग फेसबुकपुरताच.

आता तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असेल असा प्रश्न. आपलाच चित्रपट आपल्याला शेवटी का दिसतो? मोठे महोत्सव स्पर्धेसाठी बहुधा आधी कुठेही न दाखवलेला चित्रपट मागतात. त्यामुळे निर्माते आधी मोठा दरवाजा ठोठावतात आणि तोवर घरचा खेळ लांबणीवर टाकतात. पारितोषिक मिळालं, तरी पडदे मिळवणं हे वेगळंच काम असतं. सनडान्सला जानेवारी 2025 मध्ये गौरवलेला ‘साबर बोंडं’ भारतात सप्टेंबरमध्ये लागला, तोही राणा दग्गुबाती यांच्या कंपनीनं प्रदर्शित केला म्हणून. माझ्या मते या साखळीतली सर्वांत कच्ची कडी हीच आहे, आणि ती व्हेनिस-कानला दुरुस्त करता येणार नाही.

साताऱ्याहून तुम्हाला सोयीचा महोत्सव म्हणजे पुण्याचा ‘पिफ’, साधारण जानेवारीत. नावनोंदणी करून कुणालाही जाता येतं, त्यासाठी चित्रपटसृष्टीतलं असावं लागत नाही. आशियाई चित्रपटांच्या खेळांना रांग लागते, तेव्हा थोडं लवकर पोहोचा.