माळी ठेवायचा, पण कशासाठी?

बंगल्यापुढे लॉन घातलंस आणि आता विचारतोस, ‘आत्या, माळी ठेवू की स्वतः करू?’ आधी हे सांग, घरातलं कोण रोज सकाळी दहा मिनिटं त्या गवतावर अनवाणी फिरणार आहे? कोणीच नसेल तर माळी ठेवूनही लॉन टिकणार नाही. तो आठवड्यातून दोनदा येणार. गवत बिघडतं ते मधल्या दिवसांत.

तुझं लॉन तीन-चारशे चौरस फुटांचं. एवढ्याला पेट्रोलचं यंत्र कशाला? हाताने ढकलायचं मशीन घे. कापताना पथ्य एकच, गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त एका वेळी काढायचं नाही. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी फिरवावं लागेल, थंडीत वाढ मंदावते. ओलं असताना कापू नकोस. कापल्यावर शेंडे चिंधडल्यासारखे, पांढुरके दिसले तर पात्यांना धार लावून घे. माळ्यावर सोपवलंस तर त्याच्या मशीनवर लक्ष ठेव. ते चार बंगले फिरून येतं आणि तणाचं बी घेऊन येतं. आत आणण्याआधी धुवायला सांग. शिवाय पुढची खेप लांबावी म्हणून काहीजण गवताचं पार टक्कल करतात. उन्हाळ्यात तसं झालं की माती उघडी पडते आणि लव्हाळ्याचं फावतं.

लव्हाळा मात्र तुझ्याच वाट्याचा. वरून उपटला की जमिनीतल्या गाठी पुन्हा फुटतात, म्हणून आदल्या दिवशी पाणी देऊन, खुरपं खोल घालून गाठीसकट काढावा लागतो. तासावर पैसे घेणाऱ्याकडून ही चिकाटी मागू नये, आणि मागितली तरी मिळत नाही. मी तर म्हणते, लॉन घालायच्या आधीच माती भिजवून, लव्हाळा उगवू देऊन दोन-तीनदा खणून काढायला हवा होता. ते राहिलं, आता खुरपं हातात घे.

पाणी सकाळी. चालून गेल्यावर पावलाचा ठसा तसाच राहिला, गवत उठलं नाही, तर त्याला तहान लागली आहे असं समज. रोज वरवर शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड मुरेपर्यंत दे. युरियाचा मोह आवर. दिवाळीला पाहुणे यायच्या आधी चार मुठी फेकल्या की गवत हिरवंगार दिसतं खरं, पण दाणे ओल्या पात्यावर चिकटले की जळके डाग पडतात. त्यापेक्षा पावसाळ्याच्या तोंडाशी चाळलेलं, चांगलं कुजलेलं शेणखत पसर.

आता पैसे कुठे मोजायचे ते ऐक. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर तांबूस भुंगेरे जमतात. त्यांची पिल्लं म्हणजे हुमणी, मातीत राहून मुळं खाते. पावसाळ्याच्या शेवटी लॉनवर पिवळा पट्टा दिसला आणि गवत ओढल्यावर सतरंजीसारखं उचललं गेलं, तर खाली पांढऱ्या, वाकड्या अळ्या सापडतील. भुंगेरे झाडं हलवून पाडून साबणाच्या पाण्यात बुडवणं तुला जमेल. पण औषध मारायची वेळ आली तर जाणकार माणूस बोलव. डब्यावरचा त्रिकोण बघ: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. 2017 साली यवतमाळात फवारणी करताना किती शेतकरी-मजूर विषबाधेने गेले, ते विसरू नकोस. मास्क, हातमोजे न घालणाऱ्याला फवारू देऊ नकोस, मग तो कितीही जुना असो. मुलं आणि कुत्रा त्या दिवशी आत.

दुसरं काम उंचीचं. आंब्याच्या सावलीखाली गवत धरत नाही म्हणून फांद्या छाटाव्याशा वाटतील. शिडी लावून तू वर चढायचं नाहीस. शहरात 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, तो झाल्यावरच माणूस बोलवायचा. खरं तर तिथे गवताचा हट्टच सोड, सावलीत तगणारी झाडं लाव.

माळ्याशी ठरवताना महिन्याचा आकडा सांगून मोकळा होऊ नकोस. हत्यारं कोणाची, खताचे पैसे वेगळे का, कापलेलं गवत कोण उचलणार, आणि पावसामुळे खाडा झाला तर ती खेप भरून देणार का, हे पहिल्याच दिवशी बोलून घे. तो आला की पहिल्या महिन्यात सोबत उभा राहा आणि चहा दे. मशागतीतलं जे मी सांगायचं विसरले असेन, ते तो बोलता बोलता सांगेल.