पॉपर पडला की थांब

अगं, या उन्हाळ्यात हॅरिसबर्गला येऊन सस्क्वेहानावर स्मॉलमाउथ बास धरायचा म्हणतेस, फार बरं वाटलं. नदीवर बायका कमी दिसतात, पण तू बिचकू नकोस. मात्र व्हिडिओ बघून डोकं भंडावून घेण्याआधी माझे दोन शब्द ऐक.

सामान फार नको. नऊ फुटी, सात नंबरचा रॉड आणि त्याच नंबरची तरंगणारी लाइन, एवढं पुरे. मालवणात आपल्या गरीला शिसं असायचं, त्याच्या वजनाने ती लांब जायची. इथे वजन लाइनलाच असतं. म्हणून ती मागे पूर्ण सरळ होऊ दे, मगच हात पुढे आण. लाइनच्या टोकाला बांधायचा बारीक धागा, म्हणजे लीडर, साध्या नायलॉनचा घे. फ्लुओरोकार्बन बुडतो आणि पॉपरलाही खाली ओढतो. पॉपर म्हणजे बुचाचा किंवा फोमचा छोटा तुकडा. त्याचं तोंड खोलगट असतं, मागे पिसं आणि बाजूंना रबराचे बारीक पाय.

आता खरी गोष्ट. कातळाच्या पट्ट्यामागे प्रवाह मंदावतो, तिथे किंवा काठाच्या सावलीत पॉपर टाक. पहाट आणि कातरवेळ सगळ्यात चांगली. पॉपर पडला की वर्तुळं उठतात. ती विरेपर्यंत काही म्हणजे काही करू नकोस. तुला वाटेल, वेळ फुकट चाललाय. पण तेवढ्यात मासा खाली येऊन उभा राहिलेला असतो, वर बघत. पॉपर नुसता तरंगत असला तरी त्याचे पाय थरथरत असतात, आणि कित्येकदा तेवढंच माशाला पुरतं. मग डाव्या हाताने लाइन वीतभर ओढ. ‘पुप्’ असा आवाज होईल. पुन्हा थांब. ऑगस्टमध्ये पाणी उतरून नितळ झालं की तो आवाजही नको, पॉपर प्रवाहाबरोबर नुसता वाहू दे.

मासा पॉपर घेतो तेव्हा कधी पाणी फुटतं, कधी नुसता एक बुडबुडा येतो आणि पॉपर दिसेनासा होतो. गरीला ओढ लागली की आपण हात वर झटकायचो. ती सवय इथे मोडायला हवी, कारण झटक्याने पॉपर माशाच्या तोंडातून निसटून येतो. रॉडचं टोक पाण्याजवळच ठेव, वजन जाणवू दे आणि लाइन सरळ मागे ओढ.

पाण्यात उतरताना लाइफ जॅकेट घालायचंच. कातळ शेवाळलेले असतात. हातात काठी घे, पाऊल न उचलता सरकवत चाल. शहरातलं डॉक स्ट्रीटचं धरण दिसायला बुटकं आहे, पण त्याच्या पायथ्याचं पाणी माणसाला गरगर फिरवत धरून ठेवतं. तिथे अनेकांचे जीव गेलेत. त्याच्या आसपास फिरकायचं नाही, अगदी कोणी सोबत असलं तरी.

आणखी एक, थोडं जड जाईल असं. आपण मासे खाऊन वाढलेल्या मुली. हाती आलेला मासा सोडायचा म्हणजे जिवावर येतं. पण २००५ पासून या नदीत बासची पिल्लं रोगाने मोठ्या प्रमाणात मरू लागली. म्हणून २०११ साली सनबरीपासून हॉल्टवूड धरणापर्यंत, धरलेला बास तिथल्या तिथे सोडायचा, असा नियम आला. हा मासा वाढतोही सावकाश. वीस इंची मासा दहा वर्षांहून मोठा असू शकतो. तेव्हा गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाक, हात ओले कर आणि मासा पाण्यात ठेवूनच गळ काढ. वसंतात नर अंड्यांची राखण करत घरट्यावर थांबलेला असतो. त्याला तिथून उचललं की दुसरे मासे अंडी फस्त करतात. त्या दिवसांत त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

पेनसिल्व्हेनियाचा परवाना या आठवड्यातच काढ आणि त्यासोबतचे यंदाचे नियम नीट वाच. जूनच्या मध्यानंतर पाणी उतरलं की एखाद्या शनिवारी पहाटेच निघू.